चढ शेवटी असतो : ऑस्ट्रेलियातील बुशवॉकिंग क्लब आणि उन्हाळा

ऑस्ट्रेलियात शहराच्या आणि शेतीच्या पलीकडे पसरलेल्या, बहुतांशी निलगिरीच्या झाडांच्या रानाला ‘बुश’ म्हणतात आणि त्या रानातून हौसेने, कधी दिवसभर तर कधी पाठीवर तंबू आणि शिधा घेऊन चार-पाच दिवस पायी हिंडण्याला बुशवॉकिंग. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्या मराठी वाचकाला हा छंद परका वाटणार नाही. तेथे तो मुख्यतः जोपासला तो क्लबांनी. एखाद्या उपनगरातील किंवा गावातील रहिवाशांनी एकत्र येऊन चालवलेली, नफा न कमावणारी आणि वार्षिक वर्गणीवर चालणारी ही संस्था सभासदांसाठी वर्षभर सहली आखते; सहली नेणारे प्रमुखही सभासदच असतात आणि त्यांना त्याबद्दल मोबदला मिळत नाही. अशा क्लबचा कस लागतो तो डिसेंबर ते फेब्रुवारी या तिथल्या उन्हाळ्यात. या तीन महिन्यांत रानात काय करावे यापेक्षा काय करू नये हे ठरवणे अधिक अवघड असते, आणि ‘आज जायचे नाही’ किंवा ‘आता मागे फिरायचे’ हा निर्णय एकट्यादुकट्या हौशी माणसाला जितका जड जातो तितका तो नियम ठरवून बसलेल्या संस्थेला जात नाही.

या संस्थांची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. मेलबर्नमध्ये १८९४ साली आणि सिडनीत १८९५ साली चालण्याचे पहिले क्लब निघाले, परंतु त्यांचा भर रुळलेल्या वाटांवर होता. सगळे सामान स्वतःच्या पाठीवर वाहून, वाट नसलेल्या रानात शिरून मुक्काम करण्याची पद्धत रुजवली ती माइल्स डन्फी आणि त्याच्या मित्रांनी १९१४ साली सिडनीत काढलेल्या माउंटन ट्रेल्स क्लबने. डन्फीने हाताने काढलेले, सिडनीच्या पश्चिमेच्या ब्लू माउंटन्स परिसराचे नकाशे पुढच्या पिढ्यांनी आदराने वापरले, पण त्याच्या क्लबात स्त्रियांना प्रवेश नव्हता. मेलबर्नच्या स्त्रियांनी १९२२ साली आपला स्वतंत्र क्लब काढून या प्रश्नाचा निकाल लावला, तर सिडनीत १९२७ साली स्थापन झालेल्या सिडनी बुश वॉकर्सने स्त्री-पुरुष दोघांनाही दार उघडले. न्यू साउथ वेल्स राज्यातील पहिली महिला सॉलिसिटर मेरी बाइल्स ही याच क्लबची सभासद, आणि सिडनीच्या उत्तरेकडील बौडीचा किनारा राखीव व्हावा यासाठी तिने आणि तिच्या सोबत्यांनी केलेली खटपट १९३५ साली फळाला आली. त्याआधी १९३१ च्या ईस्टरच्या सुट्टीत ब्लू माउंटन्समधल्या ग्रोस दरीत उतरलेल्या काही क्लबवाल्यांना तेथील जमिनीचा पट्टेदार भेटला, आणि दरीच्या तळाशी असलेली निळसर खोडांची उंच निलगिरीची राई तोडून तेथे अक्रोड लावण्याचा त्याचा बेत त्यांना समजला. मंदीचे दिवस असूनही क्लबांनी वर्गणी आणि कर्ज काढून १३० पौंड उभे केले, पट्टेदाराचा हक्क विकत घेतला आणि १९३२ साली ही ब्लू गम राई राखीव ठरली. ऑस्ट्रेलियातील निसर्गसंरक्षण चळवळीचा आरंभ अनेक अभ्यासक याच व्यवहारात पाहतात. क्लब म्हणजे निव्वळ रविवारच्या करमणुकीची सोय, असा समज असलेल्यांनी हा १३० पौंडांचा हिशेब ध्यानात ठेवावा. पुढे १९३६ साली त्याच दरीत वाट चुकलेल्या तरुणांच्या शोधाचे काम पडल्यावर क्लबांच्या महासंघाने शोध-बचाव विभाग काढला आणि हलक्या वजनाच्या सॅक व तंबू शिवून विकणाऱ्या पॅडी पॅलिनने त्याची धुरा घेतली. रान ओळखणारी माणसे क्लबांतच असल्यामुळे पोलिसांनाही त्यांच्याकडे वळावे लागले, आणि हा विभाग स्वयंसेवकांच्या बळावर आजही काम करतो.

क्लबच्या रोजच्या कामाचा कणा म्हणजे कार्यक्रमपत्रिका. ती बहुधा तीन महिन्यांची असते आणि तिच्यात प्रत्येक सहलीपुढे अंतर, एकूण चढ, श्रेणी, जमण्याची जागा आणि प्रमुखाचा संपर्क दिलेला असतो. श्रेणी म्हणजे वाटेच्या कठीणपणाचे माप. देशात वाटांसाठी पाच पायऱ्यांची अधिकृत पद्धत आहे, जिच्यात पहिल्या श्रेणीची वाट चाकाच्या खुर्चीलाही चालते आणि पाचवी केवळ अनुभवी व नकाशा-होकायंत्र जाणणाऱ्यांसाठी असते. पण बरेच क्लब सोपी, मध्यम आणि कठीण असा आपला जुना हिशेबही चालू ठेवतात. पत्रिकेत नुसत्या चालण्याच्या सहली नसतात. एका जागी तंबू ठोकून तेथून रोज निराळ्या दिशेला जाण्याची शिबिरे, नकाशावाचनाचे आणि प्रथमोपचाराचे वर्ग, सायकल व कयाकच्या फेऱ्या, उद्यान विभागाच्या सोबतीने वाटांची डागडुजी आणि परदेशी तण उपटून मूळ झाडोऱ्याला वाव देण्याचे श्रमदान हे सारे तिच्यात येते. नवख्याला काही सहलींपुरते पाहुणा म्हणून घेतात, मात्र त्याला प्रमुखाला आधी फोन करावा लागतो, आणि त्या संभाषणात प्रमुख त्याला गेल्या काही महिन्यांत किती चाललात, बूट कोणते आहेत, औषधे कोणती चालू आहेत असे प्रश्न विचारतो. धोक्याची जाणीव असल्याच्या अर्जावर सही घेतली जाते, ती विम्यासाठी आवश्यक असते. रानातली शिस्त साधी आणि जुनी आहे. पुढे प्रमुख असतो आणि मागे पिछाडी सांभाळणारा एक जाणता सभासद. त्याच्या मागे कोणी राहायचे नाही आणि प्रमुखाच्या पुढे कोणी जायचे नाही. वाट फुटते तेथे शेवटचा माणूस दिसेपर्यंत थांबायचे, आणि झाडाआड जायचे असेल तर सॅक वाटेवर ठेवून जायचे, म्हणजे माणूस मागे राहिला आहे हे पिछाडीला कळते. विश्रांतीचा नियम तर फार शहाणपणाचा आहे. थांबलेला समूह मागचा माणूस पोहोचताच उठून चालू लागला, तर ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच तो मिळत नाही. म्हणून विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस येऊन बसला की मोजायला लागायची.

उन्हाळ्यात ही शिस्त जीवनमरणाची का होते, हे समजण्यासाठी तिथल्या डोंगरांची घडण पाहावी लागते. सह्याद्रीत गडाचा चढ आधी असतो; ट्रेकर पहाटे पायथ्यापासून निघतो, ताज्या दमात चढतो, वर वारा लागतो, आणि झेपले नाही तर मागे वळणे म्हणजे उतरणे असते. सिडनीच्या पश्चिमेचे ब्लू माउंटन्स याच्या नेमके उलट आहेत. ते वस्तुतः एक पठार असून नद्यांनी ते खोल कोरून काढले आहे. रेल्वे, रस्ता आणि कटूंबा-ब्लॅकहीथसारखी गावे पठाराच्या माथ्यावर आहेत आणि पाहण्यासारखे रान खाली दरीत आहे. पेरीज लुकडाऊन या कड्यावरून वर सांगितलेल्या ब्लू गम राईत उतरायचे तर वाट सुमारे ६०० मीटर खाली जाते. सकाळच्या गारव्यात ती उतरताना दम लागत नाही, पाणी फारसे प्यावेसे वाटत नाही, सर्वांनाच आपण भलतेच तयारीचे आहोत असे वाटू लागते, आणि त्याच वेळी हवा तापत जाते. उंची कमी होईल तसे तापमान वाढते. ६०० मीटरच्या फरकात ते चार ते सहा अंशांनी अधिक असू शकते. म्हणजे माथ्यावरच्या गावात सुखद वाटणारा दिवस दरीच्या तळाशी भाजणारा असतो, आणि दिवसातला सर्वांत मोठा चढ दुपारी, थकल्या पायांनी आणि रिकाम्या होत आलेल्या बाटल्यांनिशी चढावा लागतो. पाणी निम्मे संपले की परत फिरावे, हा सपाट प्रदेशातला नियम येथे पुरत नाही. उतरताना एक हिस्सा पाणी लागले तर चढताना किमान दोन लागतील, हे धरून जाणते प्रमुख तिसरा भाग संपताच घड्याळाकडे पाहू लागतात.

उष्णता अंगात साचते कशी, हेही थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. चालणाऱ्या स्नायूंच्या कामात बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ती शरीराबाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे वळते आणि घाम येतो, व घामाची वाफ होताना शरीर निवते. हवा दमट असेल तर वाफ नीट होत नाही, हवा शरीरापेक्षा तापलेली असेल तर उलट तीच शरीराला तापवते. चढावर भर उन्हात तासाला एक लिटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक घाम जातो. वेधशाळेने वर्तवलेले तापमान हे झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, सावलीत मोजलेले असते. तापलेल्या वालुकाश्मावरून चालणाऱ्याला प्रत्यक्ष जो ताप सोसावा लागतो तो त्या आकड्याच्या बराच पुढे असतो. झाडी आहे म्हणून सावली असेल, हा भारतीय पाहुण्याचा अंदाजही चुकतो, कारण निलगिरीची पाने आडवी पसरत नाहीत, ती देठावरून खाली लोंबतात आणि भर दुपारी सूर्याला फक्त आपली कड दाखवतात. पाने यामुळे स्वतःचे पाणी वाचवतात, मात्र खालच्या माणसाच्या वाट्याला जाळीदार ऊनच येते.

शरीरातल्या पाण्याची पातळी ढळू लागली की आधी येते ती उष्णतेची ग्लानी : डोके दुखते, मळमळते, पायात गोळे येतात, कातडी घामेजून गार पडते. या टप्प्यावर सावली, पाणी, मीठ-साखर आणि दीड-दोन तासांची विश्रांती यांनी बहुतेक माणसे सावरतात. उष्माघात ही त्यापुढची आणि निराळीच गोष्ट होय. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, अडखळतो, चिडतो किंवा एकदम गप्प होतो. उष्माघातात घाम थांबतो असे सर्रास सांगितले जाते, पण श्रमामुळे झालेल्या उष्माघातात अंग घामाने थबथबलेले असू शकते, आणि म्हणून कोरड्या कातडीची वाट पाहणे घातक ठरते. अशा माणसाला ओढ्यात बसवणे किंवा अंगभर पाणी ओतून वारा घालणे आणि मदत मागवणे, हे दोन्ही एकाच वेळी सुरू व्हावे लागते. अडचण अशी की उष्णतेने पहिला बळी जातो तो स्वतःविषयीच्या अंदाजाचा; ‘काही नाही, ठीक आहे’ हे शब्द या अवस्थेतला माणूस हमखास उच्चारतो. म्हणूनच पिछाडीच्या सभासदाचे खरे काम मागून चालणे एवढेच नसून पाहणे हे असते : सकाळपासून बडबडणारे कोण गप्प झाले, कोणाची बाटली तासाभरात उघडली नाही, कोणाचे पाऊल दगडावर नीट पडत नाही. क्लबांत निवृत्त मंडळींची संख्या मोठी असते, आणि रक्तदाबावरच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर शरीराची ऊन सोसण्याची ताकद घटते, हेही प्रमुखाला ठाऊक असावे लागते. दुसऱ्या टोकाला, तहानेच्या धास्तीने नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नव्हे. रक्तातले सोडियम त्याने पातळ होते आणि लक्षणे उष्माघातासारखीच दिसतात. सॅकमध्ये खारे दाणे आणि जलसंजीवनीची पाकिटे असतात ती यासाठी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, तेव्हा चार लिटर घेऊन निघा असे सांगणे सोपे आणि वाहणे कठीण. क्लबांत हे ओझे टाळणाऱ्याला सहसा गाड्यांपाशीच अडवतात.

ऊन आणि उष्णता या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे ऑस्ट्रेलियन समाजाला कातडीच्या कर्करोगाने शिकवले. अतिनील किरणांचा निर्देशांक ३ किंवा अधिक असला की अंग झाकावे, असा तेथील आरोग्यसंस्थांचा सल्ला आहे, आणि उन्हाळ्यात हा आकडा ११ च्या पुढे जातो, मग हवा गार असो वा आकाश अंशतः ढगाळ. १९८१ साली सुरू झालेल्या प्रचारमोहिमेने, जिचा नायक एक सीगल पक्षी होता, शर्ट, मलम आणि टोपी ही त्रिसूत्री घरोघर नेली. क्लबच्या छायाचित्रांत रुंद कडांच्या टोप्या आणि लांब बाह्यांचे सदरे दिसतात ते याच शिकवणीमुळे.

यापुढचा धोका वणव्याचा, आणि त्याच्यापुढे वैयक्तिक तयारीला फारसा अर्थ उरत नाही. निलगिरीच्या पानांत उडून जाणारे तेल असते, सुटून लोंबणारी साल पेटत्या पलित्यासारखी वाऱ्यावर उडते आणि मूळ आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे नवी आग लावते. आग चढावर पळते. उतार दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अग्निशमनातील ठोकताळा आहे, आणि कड्यांमधल्या वाटेवर सापडलेल्या माणसाची स्वाभाविक धाव मात्र वरच्या दिशेलाच असते. आग्नेय ऑस्ट्रेलियात खंडाच्या वाळवंटी अंतर्भागातून येणारा वायव्येचा उष्ण वारा दिवसभर रान वाळवतो आणि संध्याकाळी दक्षिणेचा गार वारा अचानक सुटतो. शहरात लोक सुटकेचा श्वास टाकतात तेव्हा रानात आगीची लांबलचक बाजू तिचे तोंड बनलेली असते. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांत १७३ माणसे मरण पावली; त्या दिवशीच्या संहारात वाऱ्याच्या या पलटीचा मोठा हात होता. त्यानंतर आगीच्या धोक्याच्या मापात ‘सर्वनाशी’ ही पायरी आली, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून देशभर मध्यम, तीव्र, अतितीव्र व सर्वनाशी अशी चार पायऱ्यांची एकच पद्धत लागू आहे. ज्या दिवशी संपूर्ण आगबंदी जाहीर होते त्या दिवशी उघड्यावर लाकूड पेटवणे गुन्हा ठरतो आणि अनेक ठिकाणी छोटा स्टोव्हही चालत नाही, त्यामुळे उन्हाळी मुक्कामाला निघालेल्या क्लबच्या सॅकमध्ये न शिजवता खाता येईल असा शिधा असावा लागतो. धोका वाढला की उद्यान विभाग उद्यानेच बंद करतो. २०१९-२० च्या उन्हाळ्यात ब्लू माउंटन्सच्या जागतिक वारसा क्षेत्राचा बहुतांश भाग जळाला, आणि ४ जानेवारी २०२० रोजी डोंगराच्या पायथ्याच्या पेनरिथमध्ये ४८.९ अंश तापमान नोंदले गेले. त्या मोसमात क्लबांच्या पत्रिकांना काही अर्थच उरला नव्हता. दक्षिण ऑस्ट्रेलियात तर हा प्रश्न पंचांगानेच सोडवला आहे. सुमारे १२०० किलोमीटरच्या हेसन ट्रेलचे खासगी शेतजमिनींतून जाणारे अनेक टप्पे वणव्याच्या मोसमात बंद असतात, आणि तेथील क्लबांचा चालण्याचा खरा हंगाम हिवाळा हाच असतो.

पूर्व किनाऱ्यावरचे क्लब उन्हाळ्यात चालणे सोडत नाहीत, वाटा बदलतात. पहाटे लवकर सुरू होऊन दुपारच्या आत संपणाऱ्या किनाऱ्यावरच्या सहली, पौर्णिमेच्या रात्रीचे चालणे, ओढ्याच्या पात्रातून डोहा-डोहांनी पुढे सरकण्याचे दिवस हे या मोसमाचे खास प्रकार आहेत. १८७९ साली राखीव झालेले सिडनीच्या दक्षिणेचे रॉयल नॅशनल पार्क अशा सहलींचे हक्काचे ठिकाण आहे. ब्लू माउंटन्सच्या वालुकाश्मात पाण्याने कोरलेल्या अरुंद घळी आहेत, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की भिंतींना टेकावेत इतक्या; त्यांतून दोरावरून उतरत आणि पोहत जाण्याला कॅन्यनिंग म्हणतात, आणि बाहेर रान भाजत असताना आत पाणी इतके थंड असते की जाड वेटसूट घालावा लागतो. नदीच्या लांब डोहांवरून हवेच्या गादीवर पालथे पडून हाताने वल्हवत जाण्याचा प्रकारही क्लबांत मोठ्या आवडीने चालतो, आणि साठी ओलांडलेली माणसे त्यात मुलांहून अधिक रमतात. परंतु उन्हाळी दुपार ही वादळी पावसाचीही वेळ असते. घळीच्या वरच्या पाणलोटात, दृष्टीआड पडलेली सर काही मिनिटांत भिंतींमधले पाणी चढवते आणि तेथून वर निसटायला जागा नसते. म्हणून गडगडाटाचा अंदाज असला की उघड्या वाटेवरची सहल एखादे वेळी चालेल, घळीतली रद्दच होते. डोहात सूर मारण्यावरही बहुतेक प्रमुख बंदी घालतात, कारण गेल्या पुरात कोणता ओंडका तळाशी येऊन बसला आहे हे वरून दिसत नाही.

सापांविषयीची भीती पाहुण्यांना अधिक आणि सभासदांना कमी असते. ईस्टर्न ब्राउन आणि टायगर स्नेक हे अतिविषारी साप उन्हाळ्यात वाटांवर दिसतात, पण सर्पदंशाने होणारे मृत्यू संपूर्ण देशात वर्षाला सरासरी दोन-तीनच आहेत. यामागे प्रतिविषाची उपलब्धता आहे, तशीच प्रथमोपचाराची एक विशिष्ट रीतही आहे, जी मेलबर्नच्या प्रयोगशाळेत स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केली. या सापांचे विष आधी रक्तातून नव्हे तर लसिकावाहिन्यांतून, म्हणजे ऊतकांमधला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, पसरते आणि स्नायूंच्या हालचालीने ते पुढे ढकलले जाते. म्हणून चावलेली जागा धुवायची नाही, कापायची नाही, चोखायची नाही. रुंद ताणाची पट्टी आधी दंशावर गुंडाळायची, मग दुसरी पट्टी बोटांपासून सुरू करून मांडीपर्यंत, मुरगळलेल्या घोट्याला बांधतात तितकी घट्ट, कपड्यांवरूनच गुंडाळत न्यायची, काठीच्या आधाराने पाय ताठ बांधायचा आणि दंश कोठे झाला ते पट्टीवर पेनने खुणावायचे. धुवायचे नाही ते अशासाठी की कातडीवर राहिलेल्या विषाच्या थेंबावरून रुग्णालयात सापाचा गट ओळखता येतो. यानंतर त्या माणसाने एक पाऊलही चालायचे नसते. मदत त्याच्यापर्यंत यावी लागते. क्लबचे वर्ग ही पट्टी एकमेकांच्या पायांवर पुन्हापुन्हा बांधून घेतात, कारण पहिल्या खेपेस ती जवळजवळ प्रत्येकाची सैल बसते.

ही रीत मराठी वाचकाने जशीच्या तशी सह्याद्रीत आणू नये, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात घोणस आणि फुरसे यांचे दंश मोठ्या संख्येने होतात आणि त्यांचे विष दंशाच्या जागच्या ऊतकांचीच नासाडी करते. तेथे ते घट्ट बांधून कोंडणे अपायकारक ठरू शकते. भारतातील उपचारपद्धतीचा भर धीर देणे, फ्रॅक्चर झालेल्या हाडाप्रमाणे तो अवयव न दाबता स्थिर ठेवणे आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठणे यांवर आहे.

मदत बोलावण्याच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाला एक कटू धडा मिळाला. डिसेंबर २००६ मध्ये ब्लू माउंटन्सच्या माउंट सॉलिटरी भागात दोन सोबत्यांसह निघालेला १७ वर्षांचा एक विद्यार्थी पाणी संपल्यावर पाण्याच्या शोधात पुढे निघाला, एकटा पडला आणि त्याने ००० या आपत्कालीन क्रमांकावर वारंवार फोन केला. पलीकडची माणसे रस्त्याचे नाव विचारत राहिली, आणि त्याचा देह सापडला तो काही दिवसांनी. पुढे मृत्यूच्या न्यायिक चौकशीत फोन हाताळणाऱ्या यंत्रणेवर कठोर टीका झाली आणि तिच्यात सुधारणा झाल्या. परंतु क्लबच्या नजरेने पाहता या घटनेतले दोन दुवे त्या फोनच्या आधीचे आहेत : पाणी पुरेसे नसणे आणि समूह फुटणे. आता जवळजवळ प्रत्येक क्लबकडे स्वतःची बीकन असतात. मुठीत मावणारे हे यंत्र चालू केले की ४०६ मेगाहर्ट्‌झवर संकेत उपग्रहाकडे जातो आणि कॅनबेरातील बचावकेंद्राला जागा कळते. फोनला रेंज असण्याचा येथे प्रश्नच येत नाही. ब्लू माउंटन्समध्ये पोलिस आणि उद्यान विभाग ते मोफत उसने देतात, सोबत कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार याचा अर्ज भरून घेतात. क्लबच्या सहलीत हा तपशील गावात राहिलेल्या एका सभासदाकडेही असतो, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा हे त्याला आधीच सांगितलेले असते.

उन्हाळी सहल रद्द कधी करायची, याचे आकडे प्रत्येक क्लबने आपापले ठरवलेले आहेत. कोणी वर्तवलेल्या तापमानाची मर्यादा घालतो, कोणी आगबंदी जाहीर होताच आपोआप रद्द असे लिहून ठेवतो, कोणी प्रमुखावर सोपवतो. या तिसऱ्या पद्धतीत धोका अधिक दिसतो. प्रमुख हाही हौशी सभासद असतो, दोन तासांची गाडी चालवून वीस माणसे आलेली असतात, त्यांतली काही त्याची मित्रमंडळी असतात, आणि आभाळ निरभ्र असते; अशा वेळी ‘नको’ म्हणण्याचा वाईटपणा एका माणसावर टाकण्यापेक्षा तो कागदावरच्या नियमाने घेतलेला बरा. जुन्या क्लबांनी हे ओळखून रद्द करणाऱ्या प्रमुखाला कारण विचारायचे नाही असा संकेत पाळला आहे, आणि निम्म्या वाटेतून परत फिरलेल्या सहलीचा वृत्तान्त वार्तापत्रात इतर सहलींच्या शेजारी, त्याच आकारात छापला जातो.

सिडनी-मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे पुण्या-मुंबईहून आईवडील बहुधा डिसेंबर-जानेवारीतच येतात, कारण तेव्हा तेथे शाळांना सुट्ट्या असतात. महाराष्ट्रातला तो ट्रेकचा सर्वोत्तम काळ, त्यामुळे रोज पर्वती चढणारे किंवा दरवर्षी एखादा गड करणारे साठीचे गृहस्थ तेथे पोहोचताच डोंगराची चौकशी करतात. त्यांच्या अंगात पुण्याच्या थंडीची सवय असते, आणि शरीराला नव्या उष्णतेशी जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात. अशा पाहुण्यांना बहुतेक क्लब सहलीत घेतात, परंतु पहिल्या आठवड्यात सोपी, किनाऱ्यावरची आणि सकाळची सहल सुचवतात. पेरीज लुकडाऊनचा उतार दाखवायचाच असेल तर तो कड्यावरच्या कठड्यापासून दाखवतात आणि राईत उतरण्यासाठी एप्रिलनंतर येण्यास सांगतात.